मोहरीची रानातली भावंडे आणि सोलापूरचा माळ

सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याला लागले की वीसेक किलोमीटरवर नान्नज येते. उभ्या महाराष्ट्राला हे गाव माळढोकामुळे ठाऊक आहे. माळढोकाच्या दर्शनाची आशा बाळगून येणारे पर्यटक दुर्बिणी डोळ्यांना लावून क्षितिज न्याहाळतात आणि अलीकडे बहुधा निराश होऊनच परततात. मात्र श्रावण-भाद्रपदात याच परिसरातील रस्त्यांच्या कडेला, शेताच्या बांधावर आणि मुरमाड उतारांवर चार पिवळ्या पाकळ्यांची फुले मिरवणारे एक चिकट, उग्र वासाचे रोप सर्वत्र उगवलेले असते. त्याच्याकडे कोणाचेही लक्ष जात नाही. शेतकरी त्याला तण म्हणून उपटतो, शहरी पाहुणा त्याला 'गवत' म्हणून सोडून देतो. हीच तिळवण. आपल्या फोडणीतल्या मोहरीची ही रानातली निकटची नातलग आहे, हे सांगितल्यावर अनेकांना आश्चर्य वाटते.

दुर्मीळ रानफूल म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कास पठार किंवा हिमालयातील दऱ्या येतात. सोलापूरसारख्या अवर्षणग्रस्त जिल्ह्याचे नाव त्या यादीत सहसा नसते. परंतु मोहरीच्या कुळाचा आणि त्याच्या भावंडांचा विचार केला तर एक वेगळीच गोष्ट ध्यानात येते. हे झाड फार दुर्मीळ नाही. दुर्मीळ होत चालले आहे ते त्याचे घर. ते घर म्हणजे उघडा, उन्हाने तापलेला, पातळ मातीचा माळ.

फेसलेली मोहरी आणि वनस्पतीचे शस्त्र

मोहरीच्या कुळाला वनस्पतिशास्त्रात 'ब्रॅसिकेसी' म्हणतात. त्याचे जुने नाव 'क्रुसिफेरी', म्हणजे क्रूस धारण करणारे. चार पाकळ्या क्रुसाच्या आकारात समोरासमोर मांडलेल्या असतात, म्हणून हे नाव पडले. फुलात सहा पुंकेसर असतात. त्यांतील चार लांब आणि दोन आखूड. कोबी, फुलकोबी, नवलकोल, मुळा, सलगम, अळीव आणि मोहरी ही सारी याच घराण्यातली. जगभरात या कुळाच्या सुमारे चार हजार प्रजाती आहेत. त्यांतील बहुसंख्य समशीतोष्ण प्रदेशांत, थंड डोंगरांत आणि भूमध्य समुद्राभोवतीच्या कोरड्या मुलखात वाढतात. दख्खनच्या पठारावर मात्र या कुळातील रानटी वनस्पती मोजक्याच आहेत.

या कुळाची खरी ओळख पाकळ्यांवरून नव्हे, तर चवीवरून पटते. अख्खी मोहरी हातात घेतली तर तिला झणका नसतो. पण तीच मोहरी पाण्याबरोबर वाटून फेसली की नाकात झिणझिण्या येतात. लोणच्यासाठी मोहरी फेसणाऱ्या प्रत्येक गृहिणीला हे ठाऊक असते. त्यामागचे रसायनशास्त्र असे आहे. या वनस्पतींच्या पेशींत 'ग्लुकोसिनोलेट' नावाची गंधकयुक्त द्रव्ये साठवलेली असतात. त्यांचे विघटन करणारे 'मायरोसिनेज' हे विकर वेगळ्या जागी ठेवलेले असते. पान किंवा बी चिरडले गेले की दोहोंची गाठ पडते आणि तिखट, झोंबणारे द्रव्य तयार होते. कीटकाने पान कुरतडले की त्याच्या तोंडातच हा स्फोट होतो. लाखो वर्षांच्या वाटचालीत वनस्पतीने कमावलेले हे शस्त्र आहे.

अर्थात, प्रत्येक शस्त्रावर उतारा निघतोच. पांढऱ्या-पिवळ्या फुलपाखरांच्या कुळातील अनेक अळ्यांनी हे विष पचवण्याची क्षमता मिळवली. इतर कीटक ज्या पानांपासून दूर पळतात, त्याच पानांवर ही फुलपाखरे नेमकी अंडी घालतात. वनस्पती आणि फुलपाखरे यांच्या या चढाओढीवर अमेरिकेतील पॉल एर्लिक आणि पीटर रेव्हन यांनी १९६४ मध्ये लिहिलेला निबंध सहउत्क्रांतीच्या अभ्यासाचा पाया मानला जातो. नान्नजच्या झुडपांभोवती भिरभिरणारी पांढरी फुलपाखरे हे त्याच कथेचे सोलापुरी प्रकरण आहे.

तिळवणीचे घराणे

तिळवण मोहरीच्या नेमकी किती जवळची, यावर शास्त्रज्ञांचे मत काळानुसार बदलत गेले. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेल्या थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा तिळवणीचा समावेश वाघाटी-नेपतीच्या कुळात होत असे. पुढे जनुकांच्या आधारे वर्गीकरण सुरू झाले. १९९८ साली आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्रज्ञांच्या गटाने मोहरी, वाघाटी आणि तिळवण या तिन्ही घराण्यांना एकाच विस्तृत मोहरी कुळात सामावून घेतले. २००९ साली ही एकत्र वाटणी मोडून तिन्ही कुळे पुन्हा स्वतंत्र मानण्यात आली. मात्र तिळवणीचे कुळ, म्हणजे 'क्लिओमेसी', हे मोहरीच्या कुळाचे सर्वांत जवळचे भावंड आहे, यावर आज एकमत आहे. वाघाटीचे कुळ त्यानंतरचे, चुलत नात्याचे म्हणता येईल. आपल्या परसातील शेवगा आणि पपई ही झाडेसुद्धा याच मोठ्या गणातील दूरचे नातेवाईक होत.

वाघाटीचे नाव सोलापूर जिल्ह्याला नवे नाही. आषाढी एकादशीचा उपवास द्वादशीला सोडताना वाघाटीच्या फळांची भाजी करण्याची प्रथा अनेक घरांत आजही पाळली जाते. या फळाला गोविंदफळ असेही म्हणतात. विठ्ठलाच्या जिल्ह्यात वारकऱ्यांच्या पानात पडणारी ही भाजी आणि फोडणीतली मोहरी एकाच वंशवृक्षाच्या दोन फांद्या आहेत.

तिळवणीचे प्रकारही पाहण्यासारखे आहेत. सर्वांत सहज दिसते ती पिवळी तिळवण. हिच्या खोडा-पानांवर चिकट ग्रंथियुक्त लव असते. हात लावला की बोटांना वास चिकटतो. मोहरीच्या फुलातील पाकळ्या चारही दिशांना पसरतात, तर तिळवणीच्या चारही पाकळ्या वरच्या बाजूला झुकतात आणि पुंकेसर खाली मोकळे राहतात. शेंग मोहरीच्या शेंगेसारखीच लांब आणि सडपातळ असते, पण तिच्या आत मोहरीच्या शेंगेत असतो तसा मधला पडदा नसतो. गढवालमध्ये याच पिवळ्या तिळवणीचे बी 'जख्या' या नावाने फोडणीला घालतात. म्हणजे स्वयंपाकघरातील मोहरीची जागा तिच्या रानटी बहिणीने तेथे कधीच घेतली आहे.

दुसरी पांढरी तिळवण. हिच्या फुलात पाकळ्या एका जागी आणि पुंकेसर व बीजांडकोश उंच दांडीवर अशी विलक्षण रचना असते. दुरून पाहिले तर कोळी पाय पसरून बसल्यासारखा वाटतो. हिची कोवळी पाने राज्याच्या काही भागांत भाजीसाठी खुडली जातात. आफ्रिकेत, विशेषतः केनियात, ती बाजारात विकली जाणारी नेहमीची पालेभाजी आहे.

या दोघी तशा जगभरच्या उष्ण प्रदेशांत पसरलेल्या. त्यांच्याहून कमी वेळा नजरेस पडतात त्या जांभळ्या-गुलाबी फुलांच्या तिळवणी. त्यांतील एकीची पाने हाताच्या पंजासारखी विभागलेली नसून साधी असतात. तिचे पहिले शास्त्रीय वर्णन झाले ते फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ व्हिक्टर जॅकमाँ यांनी भारतात गोळा केलेल्या नमुन्यांवरून. जॅकमाँ दख्खनमध्ये फिरले, पुण्यात आजारी पडले आणि डिसेंबर १८३२ मध्ये मुंबईत अवघ्या ३१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांनी वाळवून ठेवलेली रोपे मात्र पॅरिसला पोहोचली आणि दख्खनच्या माळावरचे हे छोटे फूल शास्त्राच्या दप्तरी नोंदले गेले. दुसरी गुलाबी तिळवण काळ्या मातीत आणि पाणी ओसरत चाललेल्या तळ्यांच्या काठाने फुलते.

ऊन, मुरूम आणि ज्वारीची युक्ती

सोलापूर जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. वर्षाचा पाऊस साधारण पाचशे ते साडेसातशे मिलिमीटरच्या दरम्यान, तोही लहरी. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेला बेसॉल्ट खडक येथे पायाखाली आहे. ओढ्या-नद्यांच्या काठी काळी कसदार माती साचली, तर उंचवट्यांवर वीतभर मातीखाली मुरूम आणि त्याखाली कातळ अशी स्थिती राहिली. अशा जागी मोठ्या वृक्षांच्या दाट रानाला आधार मिळत नाही. तेथे राज्य असते ते कुसळी, पवन्या, मारवेल अशा गवतांचे आणि अधूनमधून उभ्या असलेल्या बोरी-बाभळींचे.

या माळावर टिकून राहायचे तर वनस्पतीकडे काही युक्त्या हव्यात. तिळवणीची पहिली युक्ती म्हणजे घाई. पहिल्या पावसाबरोबर बी रुजते, काही आठवड्यांत रोप फुलावर येते, शेंगा तडकतात आणि पाऊस संपता संपता रोप वाळून जाते. उरलेला काळ बी मातीत पडून राहते. एखाद्या वर्षी पाऊस दगा देतो, तेव्हा मातीतील ही ठेवच कुळाला तारते.

दुसरी युक्ती पांढऱ्या तिळवणीकडे आहे. बहुतेक वनस्पतींचे प्रकाशसंश्लेषण कडक ऊन आणि पाण्याची टंचाई यांत मंदावते. काही वनस्पतींनी मात्र पानातील विशिष्ट पेशींत कार्बन डायऑक्साइड एकवटण्याची सोय केली. त्यामुळे त्या कमी पाण्यात अधिक अन्न तयार करतात. ज्वारी, मका आणि ऊस ही पिके याच पद्धतीने वाढतात. पांढरी तिळवणही तसेच करते. पिवळी तिळवण करत नाही. एकाच घराण्यात दोन्ही रीती सापडणे संशोधकांच्या दृष्टीने मोलाचे आहे. त्यातही मोहरीच्या कुळातील 'अरॅबिडॉप्सिस' या इवल्या रोपाचा जनुकसंच २००० साली पूर्ण वाचला गेला. तसा मान मिळालेली ती पहिली वनस्पती. तिच्याशी जवळचे नाते असल्यामुळे पांढऱ्या तिळवणीचा अभ्यास सोपा झाला. भातासारख्या पिकाला ज्वारीची ही युक्ती शिकवता येईल का, या शोधात आपल्या बांधावरचे हे तण जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवले जात आहे.

तिसरी गोष्ट ही युक्ती नसून गरज आहे. या साऱ्या रोपांना थेट ऊन लागते. दाट सावलीत ती टिकत नाहीत. माळ उघडा राहिला तरच ती राहतात.

लंडी बेट आणि आयडाहोचा धडा

ही गरज केवळ सोलापूरच्या तिळवणीची नाही. मोहरी कुळातील जगातील काही अत्यंत दुर्मीळ रानफुलांची कथाही हेच सांगते. इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्याजवळ लंडी नावाचे पाचेक किलोमीटर लांबीचे बेट आहे. 'लंडी कॅबेज' ही पिवळ्या फुलांची रानकोबी जगात केवळ याच बेटाच्या कड्या-उतारांवर उगवते आणि तिच्यावरच गुजराण करणारे भुंगेही तेथेच आढळतात. या फुलाला सर्वांत मोठा धोका निर्माण झाला तो एका सुंदर झुडपाचा. बाहेरून आणून लावलेले रोडोडेन्ड्रॉन बेटाच्या उतारांवर इतके माजले की मूळच्या फुलांना उजेड मिळेना. अखेर अनेक वर्षे राबून ते झुडूप तोडून काढावे लागले.

अमेरिकेच्या आयडाहो राज्यात मोहरी कुळातील आणखी एक पांढरे फूल आहे. ते माळावरील चिकणमातीच्या छोट्या, उघड्या चकत्यांवरच वाढते. बाहेरून आलेल्या गवताने या चकत्या वेढल्या. ते गवत वाळले की वणवे वाढतात, आणि वणव्यानंतर तेच गवत पुन्हा अधिक जोमाने उगवते. त्यामुळे २००९ मध्ये अमेरिकी सरकारने या फुलाला धोक्यातील प्रजाती म्हणून संरक्षण दिले. न्यायालयीन वादानंतर २०१६ मध्ये हे संरक्षण पुन्हा लागू झाले.

दोन्ही ठिकाणी ती उघडी जागा रिकामी नव्हती. ती कोणाचे तरी घर होती. हिरवे काहीतरी वाढले म्हणजे निसर्ग सुधारला, हा समज तेथे चुकीचा ठरला.

'पडीक' हा शिक्का

आपल्याकडे हाच समज सरकारी दप्तरांत रुजला आहे. इंग्रजी अमदानीत ज्या जमिनीतून महसूल मिळत नाही ती 'पडीक', अशी विभागणी झाली. स्वातंत्र्यानंतरही ती भाषा बदलली नाही. १९८५ मध्ये केंद्र सरकारने पडीक जमीन विकासासाठी राष्ट्रीय मंडळ स्थापन केले. पुढे उपग्रहांच्या साहाय्याने देशातील पडीक जमिनींचे नकाशासंग्रह प्रसिद्ध होऊ लागले आणि त्यांत झुडपी माळ व गवताळ प्रदेशही पडीक म्हणून मोजले गेले. ज्या जागेला 'पडीक' म्हटले, तेथे झाडे लावणे हे पुण्यकर्म ठरते. महाराष्ट्रात २०१६ ते २०१९ या काळात राबवलेल्या वृक्षारोपण मोहिमांचे उद्दिष्ट दोन कोटी, चार कोटी, तेरा कोटी आणि तेहतीस कोटी असे दरवर्षी चढत गेले. एवढी रोपे लावायची तर मोकळी जागा हवी आणि मोकळी जागा म्हणजे माळ, हे समीकरण ओघानेच आले. राज्यातील अनेक माळांवर गिरीपुष्प, सुबाभूळ यांसारखी परदेशी झाडे त्याआधीपासूनच उभी होती. वेडी बाभूळ तर कोणी न लावताही पसरत राहते.

हे माळ म्हणजे तुटलेल्या जंगलाचे अवशेष, असाही एक युक्तिवाद केला जातो. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तो तपासला. त्यासाठी त्यांनी जुन्या मराठी वाङ्मयातील आणि लोकपरंपरेतील वनस्पतींचे उल्लेख गोळा केले. पश्चिम महाराष्ट्रातील कोरड्या भागाच्या वर्णनांत माळावरच वाढणाऱ्या काटेरी झाडांचे आणि गवतांचे उल्लेख त्यांना विपुल आढळले. किमान साडेसातशे वर्षांपूर्वीही येथे माळच होता, असा त्यांचा निष्कर्ष आहे. महानुभावांच्या आणि वारकरी संतांच्या काळातील पायवाटा ज्या मुलखातून गेल्या, तो मुलूख आजच्यासारखाच उघडा होता.

या माळांचे वनस्पतिवैभवही आता कुठे उलगडू लागले आहे. भारतीय द्वीपकल्पातील गवताळ मुलखात आणि केवळ तेथेच सापडणाऱ्या दोनशेहून अधिक वनस्पतींची यादी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतील चाळीस टक्क्यांहून अधिक प्रजातींचा शोध गेल्या दोन दशकांतच लागलेला आहे. २०१४ मध्ये नव्याने वर्णन झालेल्या एका नागदवणीच्या जातीला तर 'क्रायनम सोलापूरेन्स' असे सोलापूरचेच नाव मिळाले. ज्या जिल्ह्यात फुले नाहीत असे आपण समजतो, त्याच्या नावाचे फूल शास्त्राला एकविसाव्या शतकात मिळावे, ही बाब विचार करायला लावणारी आहे.

माळढोकानंतरचा माळ

सोलापूरच्या माळाला संरक्षण मिळाले ते माळढोकामुळे. १९७९ मध्ये सोलापूर आणि तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांतील सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर क्षेत्र माळढोक अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्यात गावे, शेते, रस्ते, शहरेही आली. त्यामुळे तक्रारी वाढल्या आणि पुढे हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत आटोपशीर करण्यात आले. ऐंशीच्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या डॉ. असद रहमानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नान्नजच्या गवताळ प्रदेशाचा सविस्तर अभ्यास केला. त्या वेळी येथे माळढोकाची वीण होत असे. आज एखादी मादी दिसली तरी ती वृत्तपत्रांची बातमी होते.

पक्षी दिसेनासा झाला की त्याच्या नावाने राखलेल्या जमिनीचे काय, हा प्रश्न आज ना उद्या विचारला जाणार आहे. उजनी धरणाच्या पाण्यावर जिल्ह्यात उसाचे क्षेत्र वाढले. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत सोलापूरची गणना होते. तणनाशकांमुळे बांधही साफ होऊ लागले आहेत. पोट भरणाऱ्या शेतकऱ्याला याबद्दल दोष देता येणार नाही. परंतु जो माळ अद्याप शिल्लक आहे, तो केवळ माळढोकासाठी राखलेला होता असे मानले, तर त्याच्यावरील काळवीट, लांडगा, खोकड, फुलपाखरे आणि चार पाकळ्यांची ही छोटी फुले यांचा वाली कोणीच उरणार नाही.

उपाय अवघड नाहीत. वृक्षारोपणाची जागा ठरवताना आधी तेथे काय उगवते याची पावसाळ्यात एकदा नोंद घ्यावी. वृक्ष लावायचे तर शहरातील रस्ते, ओढ्यांचे काठ, शाळांची आवारे आणि शेतांचे बांध येथे जागा भरपूर आहे. माळावर पसरलेली परदेशी झाडे टप्प्याटप्प्याने काढावीत. मेंढपाळांना पूर्णपणे हद्दपार करण्याऐवजी चराईचे क्षेत्र आलटून पालटून ठरवावे. कारण अतिचराईने माळ उजाड होतो हे जितके खरे, तितकेच गवत फार दाट माजले तर लहान फुलांना जागा उरत नाही हेही खरे. आणि सर्वांत आधी सरकारी कागदांवरचा 'पडीक' हा शब्द बदलावा.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नान्नज, मार्डी, अकोलेकाटीच्या बाजूला जाणे झाले तर दुर्बीण थोडा वेळ खाली ठेवून पायांशी पाहावे. वनखात्याचे नियम पाळून, रोप न उपटता, तिळवणीचे पान बोटांत हलकेच चोळून पाहिले तर फेसलेल्या मोहरीची आठवण करून देणारा उग्र दर्प येतो. हा दर्प येत आहे तोवर माळ जिवंत आहे, असे समजावे.